परळमधली अरवली

आमच्या भूविज्ञान विभागाची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर होती. ती वरच्या मजल्यावर न्यायचं एकदा ठरलं होतं. पाहणीला आलेल्या इंजिनिअरने एक कपाट उघडलं, नारळाएवढा दगड एका हाताने उचलायला गेला, तो उचलेना, तेव्हा दुसरा हात लावला आणि "हे वर नको" एवढंच बोलून निघून गेला. ते शिशाचं खनिज होतं. त्या खोलीत सगळी अरवली होती.

अरवली म्हटलं की लोकांना भूगोलाच्या नकाशातली गुजरातपासून दिल्लीपर्यंत तिरकी गेलेली तपकिरी रेघ आठवते. आमच्या सरांसाठी ती रेघ म्हणजे सगळं आयुष्य होतं. सर मूळचे दादरचे, शिवाजी पार्काच्या मैदानाकडे तोंड करून असलेल्या एका जुन्या इमारतीत जन्मले आणि तिथेच म्हातारे झाले. पण दर थंडीत, परीक्षा संपल्या की ते हातोडी आणि कापडी पिशव्या घेऊन राजस्थानात जायचे. येताना दगड आणायचे. एका माणसाने सुट्ट्यांमध्ये, रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून, हमालांची बोलणी खात आणलेले दगड. त्यांतून ती खोली भरली.

मी लालबागची. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. दुसऱ्या कुठल्या विषयाला प्रवेश मिळाला नाही म्हणून मी भूविज्ञान घेतलं, त्यात काही ओढ वगैरे नव्हती. घरी सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दगडां शिकान काय मेळतला गो?"

पहिल्या तासाला सरांनी काही शिकवलं नाही. प्रत्येकाच्या तळहातावर एकेक करडा, चकचकीत तुकडा ठेवला. हात एकदम खाली गेला. एवढासा दगड एवढा जड कसा, म्हणून मी हसले. सरांनी ते पाहिलं.

"हसलीस ना? मी पण हसलो होतो," ते म्हणाले. "हे शिसं. जावरचं. समुद्राच्या तळाशी जमा झालेलं."

"राजस्थानात समुद्र, सर?"

"होता. उघडला आणि मिटला. एवढीच गोष्ट आहे. तीन वर्षं मी तुम्हाला तेवढीच सांगणार आहे."

आणि खरंच त्यांनी तेवढीच सांगितली. आधी एक फार जुनी जमीन होती, पट्ट्यापट्ट्यांची, पुन्हा पुन्हा भाजून निघालेली. दोनशे कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला ती ताणली गेली, फाटली, आणि फटीत समुद्र शिरला. काठाला वाळू साचली, उथळ पाण्यात चुनखडीचे आणि तिच्यासारख्याच डोलोमाइट दगडाचे थर बसले, खोल पाण्यात काळा चिखल. तळाच्या भेगांमधून गरम, खारं पाणी वर यायचं. त्यात विरघळून आलेलं शिसं आणि जस्त त्या चिखलात थरांनी बसत गेलं. मग दोन्ही काठ जवळ येऊ लागले. समुद्र मिटला. मधे साचलेलं सगळं चेपलं गेलं, वळ्या पडल्या, तापलं, बदललं. त्यावर दुसरा समुद्र उघडला, तोही मिटला. त्याच्या पोटात खेत्रीचं तांबं आलं. मग खालून ग्रॅनाइट घुसला आणि सगळं गार पडलं. हिमालय तेव्हा कुठे नव्हताच.

खोलीतली कपाटं याच क्रमाने लावलेली होती. दारातून शिरलं की डाव्या हाताला सगळ्यांत जुन्या जमिनीचा पट्टेदार दगड, नाइस, मग वाळूचे झालेले क्वार्टझाइट, मग जीवाणूंनी घडवलेल्या गोल गोल थरांचा फॉस्फेटचा दगड, मग जावरचं शिसं-जस्त, मग खोल समुद्राच्या चिखलाचे झालेले काळे शिस्ट, ऋषभदेवचा हिरवा दगड, खेत्रीचं तांबं, आणि फिरून दाराच्या उजव्या बाजूला शेवटचा ग्रॅनाइट. सर म्हणायचे, "खोलीला एक फेरी मारा, अरवली पूर्ण होते." परीक्षेच्या आधी आम्ही मुली पुस्तक न उघडता नुसत्या फेऱ्या मारायचो.

दुसऱ्या वर्षी ते आम्हाला जावरला घेऊन गेले. मुंबईच्या बाहेर मी फक्त कोकणात गेले होते. तिथे डोंगराच्या पायथ्याशी जुन्या भिंती होत्या, विटांऐवजी वापरून झालेल्या मातीच्या नळ्या रचून उभ्या केलेल्या. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी त्या नळ्यांत खनिज भरून, वरून आच देऊन खाली जस्ताची वाफ धरली होती. सर त्या भिंतीवरून हात फिरवत राहिले. मग आम्हाला वरच्या एका कड्यापाशी नेलं. कड्यात करड्या खनिजाचा एक पट्टा होता आणि तो केसाच्या पिनेसारखा वळलेला होता.

"इथे बोट ठेव," ते मला म्हणाले. "आता बाजूने खाली ये. काय होतंय?"

"बारीक होतोय, सर."

"आता वर, वळणावर जा."

"जाड झाला."

"का?"

मी बोट पुन्हा खाली नेऊन वर आणलं. ते म्हणाले, "दाबलं की मऊ असेल ते आधी सरकतं. शिसं मऊ, डोलोमाइट कडक. बाजूंना चेप बसतो, वळणाशी जागा मिळते. तिथे जाऊन बसतं. म्हणून खाणवाले वळण शोधत फिरतात. आपण का शोधायचं, तर कुणी कुठून कुठे ढकललं ते कळावं म्हणून."

त्या दिवशी मला हा विषय माझा वाटला. पुढे एमएस्सी केलं, मग त्याच कॉलेजात शिकवायला लागले. सर निवृत्त झाले, खोली माझ्याकडे आली.

त्यानंतरची वर्षं उतरणीचीच होती. मुलं कमी होत गेली. प्रवेशाच्या वेळी पालक विचारायचे, "मॅडम, ह्यात पुढे काय?" मी खाणी, धरणं, बोगदे असं सांगायचे. ते मान हलवायचे आणि शेजारच्या टेबलाशी जाऊन कॉम्प्युटरचा फॉर्म घ्यायचे. एका वर्षी वर्गात एकच मुलगी उरली. तिला मी एकटीला शिकवत होते, ती एकटी खोलीत फेऱ्या मारायची. ती पास झाली आणि विभाग बंद झाल्याचं पत्र आलं.

प्रिन्सिपल मॅडम माझ्याहून लहान होत्या, वागायला चांगल्या. त्यांनी मला बोलावून बसवलं, चहा मागवला.

"तुमची नोकरी जाणार नाही, ते मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "पर्यावरणाचे तास तुम्हाला देते. पण ती खोली मला लागणार. तिथे डेटा सायन्सची लॅब करायची आहे. माझाही नाइलाज आहे हो."

"आणि नमुने?"

"त्यांची सोय तुम्ही सुचवा. मी थांबते तोवर."

मी पत्रं लिहिली, फोन केले. मुंबईत दगड ठेवायला जागा कुणाकडेच नव्हती. दोन विद्यापीठांनी उत्तरही दिलं नाही. शेवटी लांबच्या एका शहरातलं लहानसं संग्रहालय तयार झालं. तिथल्या बाई फोनवर स्पष्ट बोलल्या. "आम्ही सगळं घेऊ, गाडीही पाठवू. पण प्रत्येक नमुना कुठला, हे हवं. जागा माहीत नसेल तर आमच्या दृष्टीने तो नुसता दगड."

त्यांचं बरोबर होतं, आणि तिथेच अडचण होती. काही वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरची पाण्याची लाइन फुटून खोलीत धार लागली होती. शिपायांनी घाईघाईने कपाटं रिकामी करून सगळे दगड मधे ढीग करून ठेवले. डिंकाने चिकटवलेल्या चिठ्ठ्या भिजून गळून पडल्या, उरल्या त्यांना कसर लागली. मी जमेल तसे दगड परत लावले होते. नाइस कुठला, शिस्ट कुठला, हे मला कळत होतं. पण हे शिसं जावरच्या कुठल्या डोंगरातलं आणि हे आगूचाच्या खाणीतलं की दरिब्याच्या, हे एकाच माणसाला सांगता आलं असतं. त्या माणसाची नजर गेली होती.

सरांच्या नजरेचा नेमका मधला भाग गेला होता. समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, कडेचं अंधुक दिसायचं. त्यामुळे ते बोलताना आपल्या खांद्याकडे बघतात असं वाटायचं. मी शिवाजी पार्कला गेले आणि सगळं सांगितलं. विभाग बंद झाल्याचं त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, "उद्या येऊ का?"

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "उद्या डॉक्टरची वेळ आहे."

"मग परवा."

त्यानंतर आठवड्यातून दोनदा सर आणि काकू टॅक्सीने परळला येऊ लागले. काकू डबा आणि विणकाम घेऊन यायच्या. मी एकेक दगड सरांच्या हातात द्यायची. ते आधी तोलून बघायचे. मग अंगठा फिरवायचे, नखाने खरवडायचे, कानाशी नेऊन टिचकी मारायचे, वास घ्यायचे. मग सांगायचे. "मोचिया डोंगर. ओढ्याच्या पलीकडची बाजू. त्या दिवशी माझी चप्पल तुटली होती." मी दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका काढून त्यावर काळ्या रंगाने नंबर घालायची आणि लॅपटॉपवर जागा लिहून घ्यायची.

एकदा त्यांनी फॉस्फेटचा दगड सरळ जिभेला लावला. काकू ओरडल्या, "अहो! काय लहान मूल आहात का?"

"ह्याची चव वेगळी लागते."

"विषारी असलं म्हणजे?"

"शिसं नाही चाटत मी, कळतं मला तेवढं." आणि माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले, "हिने लग्नानंतर पहिल्यांदा माझी पिशवी उघडली आणि विचारलं, ह्यातलं सोनं कुठलं? चाळीस वर्षं सोनं निघालं नाही म्हणून रागावलेली आहे."

काकू सुया खाली न ठेवता म्हणाल्या, "खेत्रीच्या तांब्यात असतं थोडं सोनं. तुम्हीच सांगितलं होतं."

सर खूप हसले. मी त्यांना इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

काही दगड अडायचे. सर ते पुन्हा पुन्हा हातात फिरवायचे आणि बाजूला ठेवायला सांगायचे. "हा आज बोलत नाहीये." पुढच्या खेपेला त्यातला एखादा ओळखला की त्यांचा चेहरा उजळायचा. त्यांची पाठ दुखायची, हाताला ओरखडे पडायचे, पण फोन करून काकू मला सांगायच्या, "हल्ली जेवतात नीट. रात्री झोपेत नावं घेतात गावांची." मलाही त्या आठवड्यांत बरं वाटत होतं. वाटलं, शिकवायचं संपलं असेल, पण निदान हे नीट हातात देऊन होईल. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटचा दगड झाला. चार-पाच न ओळखलेले उरले, त्यांच्यावर सरांनी प्रश्नचिन्ह घालायला लावलं. "खोटं नको लिहायला," म्हणाले. संग्रहालयाची गाडी सुट्टीनंतर येणार होती. प्रिन्सिपल मॅडमना मी तसं सांगितलं, लिहूनही दिलं. त्या म्हणाल्या, "उत्तम झालं. मला फार बरं वाटलं."

सुट्टी संपून मी कॉलेजात गेले. मागच्या पॅसेजमध्ये वळले तर ओल्या सिमेंटचा वास आला. खोलीचं दार नव्हतं. चौकटीसकट काढलेलं होतं. आत कपाटं नव्हती, भिंती उकरून वायरींच्या खाचा पाडल्या होत्या, आणि दोन माणसं उकिडवी बसून पांढऱ्या टाइल्स बसवत होती. मला क्षणभर वाटलं, मी चुकून दुसऱ्याच विंगेत आले. मग खिडकीबाहेरचं बदामाचं झाड दिसलं.

शिपाई मागून आला. "मॅडम, तुम्हाला कळवलं नव्हतं?"

मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं, त्या उभ्या राहिल्या. कामाचा ठेका संस्थेच्या कार्यालयातून दिला गेला होता. सुट्टीत काम उरकायचं असं तिथेच ठरलं. मॅडम गावी होत्या. त्यांना फोन आला तेव्हा त्यांनी बजावून सांगितलं होतं.

"मी म्हटलं होतं, दगडाचं सगळं मटेरियल वेगळं काढून ठेवा. डेब्रिजमध्ये मिसळू नका. दोनदा म्हटलं मी."

"मग कुठे आहे वेगळं काढलेलं?"

त्यांनी तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो माणूस अगदी सहज बोलत होता. "हो मॅडम, वेगळं काढलं ना. तुम्ही बोललात तसं. भिंतीचा चुरा वेगळा, दगड वेगळा. दगड एक नंबर होता, एकदम वजनदार. भरणीला दिला. शिवडीच्या पुढे एक प्लॉट भरतायत, तिथे."

प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग टेबलावर हात टेकून खाली बसल्या. कुणावर ओरडायचं तेच मला कळेना. कुणी मुद्दाम काहीच केलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, त्याने ऐकलं, आणि सांगितल्याप्रमाणे झालं.

मी टॅक्सी करून शिवडीला गेले. गोदामांच्या रांगा संपल्या की वडाळ्याच्या अंगाला एक रस्ता जातो, ट्रेलर उभे असतात, हवेत खारट, कुजकट वास असतो. पत्रे लावून बंद केलेला प्लॉट सापडला. वॉचमन आत सोडेना. मी कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, काय शोधतेय ते सांगितलं. त्याला ते समजलं नाही, पण मी रडतेय हे त्याला दिसलं असावं. त्याने पत्रा बाजूला केला.

आत सपाट जमीन होती. एका टोकाला रोलर फिरत होता. जिथे अजून दाबलेलं नव्हतं तिथे तुटलेल्या फरश्या, विटा, काळ्या दगडाची खडी आणि चिखल असा थर होता. मुंबईचा काळा दगड मला लहानपणापासून ओळखीचा, लाव्हाचा. सरांच्या दगडांपुढे कालचं पोर. त्याच्यात मी हाताने उकरायला लागले. एक नाइसचा तुकडा मिळाला, पट्टे स्पष्ट होते. एक क्वार्टझाइट मिळाला, त्यावर पांढरा ठिपका शाबूत होता, आकडा घासला गेला होता. खनिजाचं एकही ढेकूळ दिसेना. मग उन्हात चिखल चमकताना दिसला. शिशाचं ते खनिज ठेचलं की त्याचे चौकोनी चौकोनी कण होतात, कितीही बारीक करा, चौकोनीच राहतात. ते कण चिखलात सगळीकडे पसरले होते. रोलर त्यावरून गेलेला होता.

समुद्राच्या चिखलात बसलं होतं, आता पुन्हा समुद्राच्या चिखलात, असं माझ्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच मला किळस आली. सुंदर काही नव्हतं त्यात. खाडीकाठच्या मातीत शिसं मिसळलेलं होतं, त्यावर उद्या कुणीतरी राहायला येणार होतं.

"मॅडम, हाथ कट जाएगा," वॉचमन म्हणाला. मी उठले. दोन्ही दगड तिथेच ठेवले. ते नेऊन काय करणार होते?

सरांना सांगायला मी दोन दिवस घेतले नाहीत, एकही घेतला नाही. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळायला नको होतं. तशीच, चिखलाच्या हातांनी शिवाजी पार्कला गेले. दार काकूंनी उघडलं. माझे हात बघून त्यांनी काही न विचारता बाथरूमकडे बोट दाखवलं. बाहेर आले तेव्हा सर खुर्चीत बसलेले होते, खिडकीतून मैदानातला क्रिकेटचा आरडाओरडा येत होता.

"गाडी आली का ग?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "डावीकडचं पहिलं कपाट?"

"गेलं, सर."

"नाइसचं सगळं?"

"हो."

"झामरकोटडाचं फॉस्फेट?"

"गेलं."

"जावर?"

"गेलं, सर."

"मोचियाचं पण? आणि बलारियाचं?"

"सगळंच, सर."

काकू म्हणाल्या, "अहो, पुरे." त्यांनी ऐकलं नाही. ते खोलीला फेरी मारत होते, मला ते कळत होतं आणि मला थांबवता येत नव्हतं. झाडोलचे शिस्ट. ऋषभदेवचा हिरवा दगड. दरिबा. आगूचा. खेत्री. प्रत्येक नावानंतर ते थांबायचे आणि मी गेलं म्हणायचे. दुसरं काही म्हणायला नव्हतंच. शेवटी ग्रॅनाइटपाशी आले, मी गेला म्हटलं, आणि फेरी संपली.

"बरं," ते म्हणाले. आणि काकूंना म्हणाले, "हिला चहा दे."

मी इतक्यावर सोडलं नाही. माझ्याकडे लॅपटॉपवर सगळ्या जागा होत्या. वाटलं, निदान जावरचं पुन्हा मिळवू. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे खाणीत भूवैज्ञानिक आहे. त्याला फोन केला, एकेक जागा वाचून दाखवली. तो शांतपणे ऐकत होता.

"मॅडम, ह्यातलं आता काही नाही," तो म्हणाला. "वरचे भाग केव्हाच काढून झाले. सरांनी ज्या वळ्यांमधून नमुने घेतलेत ना, त्या वळ्याच नाहीत. आत पोकळ्या आहेत, त्यात भराव टाकलाय. आम्ही आता खूप खाली काम करतो. खालचं पाठवू का?"

"नको," मी म्हटलं. "तो कडा? केसाच्या पिनेसारखा वळलेला?"

त्याला आधी आठवेना. मग म्हणाला, "तो रस्त्यासाठी कापला, मॅडम."

मी हे सरांना सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, आणि त्यांनी विचारलंही नाही. त्या दिवसानंतर त्यांनी अरवलीचं नाव काढलं नाही. संग्रहालयाच्या बाईंनी मोठ्या मनाने कळवलं की सरांचा एक इंटरव्ह्यू रेकॉर्ड करून ठेवू या, त्या स्वतः मुंबईला येतील. मी विचारलं. सरांनी मान हलवली, नाही म्हणून. "दगड हातात नसताना काय बोलायचं? मग ती नुसती गोष्ट होते." मी म्हटलं, सर, तुम्हीच म्हणायचात की एवढीच गोष्ट आहे. ते म्हणाले, "म्हणायचो. तेव्हा दगड होते."

काकूंनी एकदा मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हातांचं काय करावं कळत नाही ग ह्यांना. जेवताना वाटी नुसती तोलत बसतात. मी सांगते, भात आहे त्यात, खा." एवढं बोलून त्या सिंककडे वळल्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

मी आता कॉमर्सच्या मुलांना पर्यावरण शिकवते. मोठा वर्ग असतो, मुलं मागे मोबाइलवर असतात, मी कचरा व्यवस्थापनाची व्याख्या फळ्यावर लिहिते. लॅब सुरू झाली. चांगली झाली आहे, गार असते, मुलं तिथे बसायला उत्सुक असतात. मला त्या मुलांचा राग येत नाही. त्यांनी काय केलं? पण त्या पॅसेजमधून मी जात नाही, जिन्याला वळसा घालून जाते. डोक्यात एवढं सगळं भरलेलं आहे, कुठला थर कशावर, कुणी कुणाला ढकललं, शिसं वळणाशी का जाडावतं. ह्या अख्ख्या शहरात ते सांगावं असं कुणी नाही. आई गेली. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो ऐकतो, प्रेमाने ऐकतो, आणि मधेच विचारतो, "मग पुढे काय झालं?" पुढे काहीच झालं नाही.

रविवारी मी शिवाजी पार्कला जाते. सर पूर्वीपेक्षा बारीक झालेत. ऐकूही कमी येतं, त्यामुळे जवळ बसून मोठ्याने बोलावं लागतं. आम्ही इमारतीच्या रिडेव्हलपमेंटबद्दल बोलतो, मैदानात धूळ किती उडते त्याबद्दल बोलतो, डॉक्टरने बदललेल्या गोळ्यांबद्दल बोलतो. बोलणं संपतं. मग आम्ही तिघं नुसती बसून राहतो आणि काकू दिवा लावतात. मी निघायला उठले की सर माझ्या खांद्याकडे बघत विचारतात, "पुढच्या रविवारी येशील ना?"

मी येईन म्हणते. कशासाठी, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मलाही माहीत नाही.